मथुरेच्या वाटणीचं काळीज

पावस, ८ ऑक्टोबर १९३४

चि. हरिश्चंद्र यास आईचे अनेक आशीर्वाद. मी सांगते, शेजारची बकुळा लिहिते.

सूनबाईच्या अंगात रक्त कमी, पोटुशी आहे, दर आयतवारी बकऱ्याचं काळीज खाऊ घाला, असं रत्नांग्रीच्या डॉक्टरांनी सांगितल्याचं तू दोनदा लिहिलंस. एकदा लिहून कळलं नसतं का मला? या घरात काळीज तुझ्याच ताटात पडत आलं. माझी पाच बाळंतपणं झाली, तू एकटा जगलास. मला कुणी तुकडा पुढे केला नाही. आणि ही काल आलेली! जळते मी, लपवत नाही. पण घालीन.

आहे ती माया तशीच ठेव.
ठमाबाई

मुंबई, १६ ऑक्टोबर

ती. मातोश्रींचे चरणी हरिश्चंद्राचा शि. सा. नमस्कार. जळतेस हे वाचून गोदीत एकटाच हसलो. सासू शोभतेस खरी! पण मथुरेला जप. तिची मला काळजी लागली आहे. लोभ कमी करू नये.

पावस, ५ नोव्हेंबर

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद.

काल सूनबाई विहिरीवर घेरी येऊन पडली. पोटातलं धड आहे, घाबरू नकोस. डॉक्टरांनी विचारलं, काळीज देता ना? मी हो म्हटलं. ते खोटं होतं. तीन आयतवार मी तिला फुप्फुस वाढलं. तिच्या माहेरी नुसती मासळी, तिला काय फरक कळणार? काळीज मीठ-हळद लावून सुकवलं, तू शिमग्याला येशील म्हणून.

आता ताजं आणून समोर बसून घालते. ती खाते ते बघवत नाही, तरी बसते. काय बोलायचं ते बोल.

तुझी आई

मुंबई, १९ नोव्हेंबर

ती. मातोश्रींस नमस्कार.

फार रागावलो होतो, म्हणून उशीर. आई, मला काळीज कधीच आवडलं नाही. तू समोर बसून बघायचीस, म्हणून गिळायचो. सुकवलेलं माझ्यासाठी ठेवू नकोस. यापुढे मथुरेला फसवू नकोस, आणि तिच्याबरोबर तूही खा.

हरिश्चंद्र

पावस, २६ नोव्हेंबर

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद.

तुझं पत्र बकुळेकडून दोनदा वाचून घेतलं. सूनबाईच्या तोंडावर जरा रंग आला आहे. मी केलं ते तिला सांगितलं. दोन दिवस तिने आपलं ताट आपणच वाढून घेतलं. काल तिनेच माझं ताट वाढलं.

काळीज चांगलं लागतं रे. तुला आवडतं म्हणून चोवीस वर्षं मी चाखलंसुद्धा नाही. सांगायचं तरी होतंस.

ठमाबाई