उगवती हायस्कूलच्या आवारात म्हैस पुन्हा नेऊ देण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
जिल्हा परिषद, कोल्हापूर.

अर्जदार: सौ. झुंबरबाई पिराजी गवळी, धंदा दुधाचा, राहणार खालची पेठ, कोल्हापूर.

विषय: दहावीच्या वर्गास शनिवारी मार्गदर्शन करण्याची व त्यासाठी चिमणी नावाची म्हैस शाळेत नेण्याची परवानगी येत्या शनिवारच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ: मुख्याध्यापक, उगवती हायस्कूल यांचे म्हशीस कायमची मनाई करणारे पत्र.

महोदय,

मला लिहिता येत नाही. कोर्टाबाहेर बसणारे आकारामभाऊ मी सांगेन तसे लिहीत आहेत. मधेमधे ते 'सविनय' घालतात, ते त्यांचे आहे. राग माझा आहे.

१. माझा मुलगा केरबा सदर शाळेत दहावीत असून खालच्या पेठेच्या संघाचा गोलकीपर होता. दिवाळीनंतर वरच्या पेठेबरोबर फुटबॉलचा सामना झाला. गोल झाला की न्हाय यावरून जुंपली आणि दोन्हीकडून दगड सुटले. जाळीमागून आलेला एक दगड केरबाच्या डाव्या डोळ्यावर बसला. पोरगं तोंड दाबून माझ्यापर्यंत चालत आलं. हात काढला तर डोळ्याच्या जागी नुसता रक्ताचा गोळा. आकारामभाऊंनी 'सदर डोळा निकामी झाला' असे सुचवले आहे. तेही खरे आहे. दगड कुणी मारला, ते त्या वेळी कुणालाच कळले नाही.

२. दोन्ही पेठांची पोरे एकाच वर्गात बसतात. दगड मारणारा सापडत नाही म्हटल्यावर जो हाताला लागेल त्याला बडवायचे, असे सुरू झाले. सायकलच्या चेनी दप्तरातून येऊ लागल्या. एकाच्या मांडीत कंपासपेटीतले कर्कटक घुसवले, एकाचा कान फाटला. तेव्हा शाळेने पालकांना चिठ्ठी धाडली की, प्रतिष्ठित नागरिकांनी शनिवारी एक तास येऊन मुलांना विनामूल्य मार्गदर्शन करावे. पहिल्यांदा एक वकीलसाहेब आले. ते गांधीजींवर बोलत असताना पोरांनी दाराला आतून कडी घातली आणि एकमेकांना बाकांनी हाणले. वकीलसाहेब टेबलाखालून निघाले. त्यानंतर कुणी प्रतिष्ठित फिरकला नाही, म्हणून मी नाव दिले. मुख्याध्यापक हसले, पण दुसरे होते कोण? त्यांनी होय म्हटले.

३. मी भाषण करू शकत नाही. मला म्हैस कळते. आमच्या कट्ट्यावर रात्री म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाचा पेला हातात द्यायचा, हा आमचा पिढीजात धंदा. तिथे दोन्ही पेठांची पोरे येतात आणि कुणी आवाज चढवत नाही. चढवला की म्हैस पान्हा चोरते, मग कुणालाच दूध न्हाय. म्हणून मी चिमणीला शाळेत नेले. नियम एकच ठेवला. एका बाजूला खालच्या पेठेचे पोरगे, दुसऱ्या बाजूला वरच्या पेठेचे. दोघांनी कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवायचे आणि दोन-दोन सड धरायचे. एकाचा हात जरी रागाचा पडला तरी लाथ बसते आणि ती कुणाला बसेल ते सांगता येत नाही. साहेब, पोरे आपटली. दात हलले, ओठ फुटले, शेणात तोंडे गेली. पण हळूहळू चरवीत दूध पडू लागले व दप्तरातल्या चेनी कमी झाल्या. हे मुख्याध्यापकांना विचारावे. ते नाही म्हणणार नाहीत.

४. वरच्या पेठेचा सयाजी म्हणून मुलगा आहे. चिमणी त्याला जवळच करेना. बसला की लाथ, बसला की लाथ. मागच्या शनिवारी मी त्याच्या शेजारी उकिडवी बसले आणि त्याची बोटे धरून दाखवू लागले. म्हशीच्या कुशीत तोंड खुपसून पोरगं रडायला लागले आणि सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "मावशी, जाळीमागनं दगड मीच मारलाता."

माझा हात त्या वेळी त्याच्या मानेवर होता. तो आवळायला गेला होता का कुरवाळायला, ते मला देवाला सुद्धा सांगता येणार नाही. पण तेवढ्यात पान्हा आला. म्हैस पान्ह्यावर असताना हात हलवायचा नसतो, एवढे मला लहानपणापासून माहीत. म्हणून मी हात हलवला नाही. सयाजीने चरवी भरली.

५. त्याच वेळी ड्रिलमास्तर छडी घेऊन धावले व म्हशीखाली बसलेल्या पोराला पाठीवर, डोक्यावर, जमेल तिथे मारू लागले. मी नको नको म्हणाले. चिमणीने एकच लाथ घातली. मास्तरांची नडगी मोडली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मला त्याचे वाईट वाटते असे आकारामभाऊंनी लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे. सोमवारी पत्र आले की सदर जनावरामुळे शिस्तभंग झाला, तरी अर्जदाराने हवे तर जनावराशिवाय येऊन व्याख्यान द्यावे. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि बिनम्हशीची मी पोरांना काय सांगू?

६. आता खरे सांगते. सयाजी बोलला तेव्हा केरबा शेवटच्या बाकावर बसला होता. त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणे टाकले आहे. माझे मालक पिराजी जेवताना एवढेच म्हणाले, "डोळा गेलाय, डोळाच आणायचा." पोरगं खाली मान घालून भाकरी खात राहिले. केरबा लहान असल्यापासून चिमणीची धार काढतो. परवा तो गोठ्यात गेला तर तिने त्याला दारातच उडवला. काल पुन्हा. हात धुऊन गेला, गोंजारत गेला, तरी उडवला. साहेब, त्याच्या हातात काय शिरलंय ते जनावराला कळले आणि मला आई असून उशिरा कळले. काल वैरण काढताना पेंढीखाली कोयता मिळाला. त्याला धार लावलेली आहे. शनिवारी दोन्ही पेठांचा फेरसामना आहे.

७. तरी माझे मागणे इतकेच की, शनिवारी सकाळी सामन्याच्या आधी शाळेत मला एक तास मिळावा. म्हशीला मी आखूड दोरीने बांधीन. शेण मी भरीन. मास्तरांना लांब बसवावे, त्यांची नडगी बरी होईपर्यंत मी रोज दूध पोचवीन. धारेला दोनच पोरे द्यावीत, बाकी वर्ग समोर बसवावा. एका बाजूला सयाजी, दुसऱ्या बाजूला केरबा. दोघांची कपाळे एका कुशीला लागली पाहिजेत. घरी केरबा माझे ऐकत नाही, वर्गात सगळ्यांसमोर त्याला नाही म्हणता येणार नाही, कारण पळपुटा म्हणवून घेणे त्याला मरणाहून वाईट. लाथा बसतील. बसू देत. लाथेने पोरगं मरत न्हाय. पोलिसांत जा, असे आकारामभाऊ म्हणतात. पोलीस केरबाला नेतील, मग सयाजी वाचेल आणि माझा पोरगा जाईल. मला दोन्ही पाहिजेत. हे लोभाचे वाटत असेल तर वाटू द्यावे.

परवानगी तोंडी दिली तरी चालेल. मी कचेरीच्या पायरीवर बसले आहे, म्हैस बाहेर झाडाला बांधली आहे.

आपली, शनिवारपर्यंत तरी नम्र,

निशाणी डावा अंगठा
सौ. झुंबरबाई पिराजी गवळी
अर्ज लिहिणार: आकाराम

कोल्हापूर, दि. १४ फेब्रुवारी १९७८

सोबत:
१) मुख्याध्यापकांच्या पत्राची नक्कल.
२) कोयता, नग एक, फडक्यात गुंडाळलेला. कचेरीत ठेवून घ्यावा व कुणीही मागायला आले तरी परत देऊ नये. घरात असे दोन होते. दुसरा आज सकाळपासून खुंटीवर नाही.