टाकीतले नारळपाणी

२७ ऑगस्ट १९३४. सकाळी सव्वासात ते दहा लाँच धक्क्यालाच. जयगडला ताई शेवटच्या घटकेला माझी वाट पाहत होती.

बंद इंजिनाला हँडल मारून नाखवा घामाघूम. मी विचारले, “पौर्णिमेचा नारळ कुठे फोडलास?”

“इंजिनावरच, बाई. घोटभर पाणी टाकीतही ओतलं, देवाचं म्हणून.”

“मग कार्बुरेटर उघड, पाणी काढ.”

हसला. “बाई, ही तुमची शाळा नव्हे.”

दहाला उघडला. पेट्रोलच्या तळाशी नारळपाणी. ते काढताच इंजिन सुरू झाले.

पोचले तेव्हा ताईला जाऊन पाऊण तास झाला होता. हात अजून कोमट. घोटभर नारळपाण्यासाठी! मीच पाना का नाही उचलला?

लाँचमालकांना लिहिले आहे: माझे का ऐकले नाही? ५ सप्टेंबरला ताईचा दहावा. त्याआधी लेखी उत्तर हवे.