अक्रोडांसाठी जमीन

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पोयटा हाताला लागलाच नाही.

छातीइतक्या खोल खड्ड्यात उभी होते. तिसऱ्या थरातला गोळा काढला, पाणी शिंपडलं, मळायला घेतला — आणि अंगठा आणि पुढची दोन बोटं, यांच्यामध्ये काहीच नाही! माती डोळ्यांना दिसते आहे, बोटांना तिचा पत्ता नाही. जाड हातमोजा घालून कुणाचा तरी हात हलवावा तसं.

थंडी पडल्यापासून हे चाललं होतं, पण सकाळी सकाळी. हात झटकला की जायचं. आज झटकून झटकून खांदा दुखला.

मातीची पारख म्हणजे शेवटी बोटंच. वाळू खरखरते, कानाशी धरून चोळली तर ऐकूही येते. चिकणमाती बोट सोडत नाही, दाबली तर लांब पट्टी निघते. पोयटा दोघींच्या मधला. पिठासारखा मऊ, ओला केला तर गुळगुळीत, पण चिकटत नाही, पट्टी काढायला गेलं की तुटते. हे मी झोपेत सांगेन. आज जागेपणी सांगता येईना.

मामा खड्ड्याच्या काठावर बसले होते. (मामा म्हणजे आमच्या कार्यालयातले खड्डे खणणारे. कुणाचेच मामा नाहीत, म्हणून सगळ्यांचे.) त्यांची पाठ वळलेली बघून चिमूटभर माती दातांखाली धरली. पोयटा दातांना किंचित कचकचतो, चिकणमाती लोण्यासारखी लागते. कचकचली. म्हणजे, कचकचली असं वाटलं.

तेवढ्यात मामा वळले. "भूक लागली होती तर सांगायचं. डबा गाडीत आहे."

मी हसले. ओठांवर चिखल. तिसऱ्या थरापुढे 'पोयटा' लिहिलं. चौथ्यापुढेही. दुसरा खड्डा न घेता निघालो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अहवाल पक्का करून दिला. वाचताना कुणाला शंका येणार नाही इतका नीट झाला आहे. त्याचीच भीती वाटते.

नदीच्या गाळाची जमीन. वरचा नांगरटीचा थर काळपट तपकिरी, भुसभुशीत, बारीक मुळं भरपूर, गांडुळांची भोकं. जोराचा पाऊस झाला की वर पापुद्रा धरते, कोंबाला डोकं वर काढता येत नाही. त्याखाली वीतभर घट्ट पट्टा, नांगराच्या तळाने वर्षानुवर्षं दाबून केलेला. तो एकदा फोडावा लागेल. खाली पिवळसर तपकिरी, सूक्ष्म छिद्रांचा, पाणी धरून ठेवणारा आणि तरी साचू न देणारा पोयटा. त्याखाली आणखी पोयटा, जरा फिका. खोल मुळांच्या झाडांना योग्य.

खोल मुळांची झाडं म्हणजे अक्रोड. सगळ्या रानात अक्रोड लावायचं ठरवलं आहे रानाच्या मालकांनी, नवरा-बायकोनी. लावायचे आपण, खायचे नातवंडांनी, असं मालकीणबाई म्हणत होत्या. खाली चिकण असेल तर पाणी तुंबेल. दोन-तीन वर्षं झाडं छान दिसतील, आणि मग मुळं कुजून एकेक जाईल.

पण खाली पोयटा आहे. तसं लिहिलंय मी!

आईचंही बोटांपासूनच सुरू झालं होतं. शिवता शिवता सुई गळायची. "थंडीनं झालंय," म्हणायची. पुढं भर उन्हाळ्यात गळायला लागली. मग पायातली चप्पल कधी निघाली ते कळेना. शेवटची चार वर्षं खुर्चीत. मी आत्ता तिच्याच वयाची आहे, सुई गळायला लागली तेव्हाच्या.

हे आज लिहून टाकलं. पुन्हा लिहिणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याने पकडलं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, त्याला बारीक काय दिसणार नाही! ब्लाउजचा हूक लावताना मी आरशात बोटांकडे बघत होते. एरवी कोण बघतं?

संध्याकाळी दुकानातून आला तो सरळ समोर बसला. "डोळे मीट."

"कशाला?"

"मीट तर."

डाव्या हातावर काहीतरी ठेवलं. मनगटी घड्याळाच्या पट्ट्याचा बारीक खिळा. लगेच ओळखला. मग उजवा हात पुढं केला. वाट बघितली. तो काही ठेवीचना.

"ठेव ना लवकर," मी म्हटलं.

 डोळे उघडले तर बोटांच्या टोकांवर तीन खिळे, एक काटा, आणि त्याचं स्वतःचं बोट.

 त्याने एकेक खिळा डबीत भरला. "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"बघू."

"तुझं बघू म्हणजे नाही."

"हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"हात न दाखवून कुठे लक्षण चांगलं आहे?" म्हणाला, आणि उठून चहा टाकला. मला मोठ्या कानाचा कप शोधून दिला, सगळी बोटं मावतील असा. 

८ फेब्रुवारी, शनिवार

मालकीणबाईंचा फोन. रोपं पुढच्या शनिवारी येणार. "तुमचा अहवाल भिंतीला लावलाय," म्हणाल्या. मी म्हटलं, "वा."

१० फेब्रुवारी, सोमवार

प्रयोगशाळेत फोन केला. उगाच केल्यासारखा केला. त्या रानाचे नमुने रांगेत आहेत, अजून दोन-तीन आठवडे. "घाई आहे का?" तिथली मुलगी विचारत होती. "छे," म्हटलं. का म्हटलं?

दिवसभर कार्यालयात मातीच्या जुन्या नमुन्यांच्या डब्या काढून बसले. पोयट्याची डबी, चिकणमातीची डबी. डोळे मिटून एकेक चिमूट. पोयट्याला चिकण म्हटलं, चिकणमातीला पोयटा म्हटलं, एकदा दोन्हींना पोयटा म्हटलं. डाव्या हाताने करून बघितलं. डाव्याला लागते, पण डावा हात अडाणी. त्याला मऊ आणि खरखरीत एवढंच येतं. त्याला शिकवायला किती वर्षं लागतील?

मोठ्या बाई (आमच्या साहेब) दारातून डोकावल्या. "काय खेळ चाललाय?"

"डब्या पुसते आहे."

खोटं इतकं चटकन येतं तोंडात!

११ फेब्रुवारी, मंगळवार

जेवण गेलं नाही. ताट पाण्याने भरलेल्या चरासारखं दिसत होतं. त्यात रोपं उभी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. आधी मामांना, गाडीत.

ते गाडी चालवत राहिले. मग म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणणारा मी. पण ही मूठ लोकांच्या रानात उघडणार आहे. वळवू गाडी?"

"वळवा."

मालक-मालकीण अंगणात रोपांसाठी जागा करत होते. मी उभ्याउभ्याच बोलले. बसले असते तर उठता आलं नसतं. म्हटलं, माझ्या उजव्या हाताला स्पर्श कळत नाही. तुमच्या रानातले खालचे थर मी अंदाजाने लिहिले. ते चूक असू शकतील.

मालकांना पटकन उमगलं नाही. "म्हणजे जमीन वाईट आहे?"

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही तर कुणाला माहीत?"

"प्रयोगशाळेला. पण त्यांना वेळ लागेल."

"आणि रोपं शनिवारी!" त्यांनी हातातलं फावडं टाकलं. "बाई, हे तुम्हाला आज सुचलं?"

 मालकीणबाई माझ्या हाताकडे बघत होत्या, चेहऱ्याकडे नाही. मग मामांना म्हणाल्या, "तुम्ही आलाच आहात तर खणा. जिथे जिथे वाटेल तिथे खणा."

मामांनी रानाच्या खालच्या अंगाला खणायला घेतलं, नदीच्या बाजूला, जिथे जमीन डोळ्याला जेमतेम कळेल इतकी बसकी आहे. वरचा थर तोच. घट्ट पट्टा तोच. मग कंबरेच्या खाली रंग पालटला. करडा, निळसर, मध्ये गंजाचे तांबडे ठिपके. खड्ड्याच्या तळाला हळूहळू पाणी गोळा होऊ लागलं. फावड्याला माती इतकी चिकटली की मामा दर खेपेला काठीने खरवडत होते. इथे बोटांची गरजच नव्हती. नुसत्या डोळ्यांना कळत होतं. नदीचा जुना फाटा असणार तिथे. कधीकाळी पाणी साचून बारीक चिकण गाळ बसला, मग वर पोयटा आला आणि झाकून गेला.

चौघं काठावर उभे. 

"इथे लावले असते तर?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मेले असते," मी म्हटलं.

मालक पाठ फिरवून घराकडे गेले. वरच्या अंगाच्या पहिल्या खड्ड्याचा विषयच कुणी काढला नाही. काढायचं काय? इथे हे, म्हणजे तिथेही माझं चुकलंच असणार.

परतीच्या वाटेवर मामा एवढंच म्हणाले, "आज झोप लागेल."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लागली. पण सकाळी मोठ्या बाईंसमोर उभं राहायचं होतं.

त्यांनी दार लावलं. हे चांगलं की वाईट ते ठरवेपर्यंत माझी पाचावर धारण. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. अहवाल मागे घ्यायचा, मालकांना तसं लेखी कळवायचं, हात बरा होईपर्यंत रानात जायचं नाही, टेबलावर बसायचं. "आणि बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"बाकीचे काय?"

"या हाताने याआधी लिहिलेले अहवाल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!  आठवून आठवून सांगितलं की बधिरपणा सकाळचाच असायचा, थंडी पडल्यापासूनचा, रानात पोचेपर्यंत जायचा. त्यांनी विश्वास ठेवला की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. म्हणाल्या, "थंडीपासूनचे सगळे परत तपासायला लावते." आणि मग, दार उघडता उघडता, "डॉक्टरकडे गेलीस का गं?" पहिल्यांदाच 'गं' म्हणाल्या. रडायला तिथेच आलं असतं. संडासात जाऊन रडले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रोपं आली असतील. मालकीणबाईंनी मामांना कळवलं की लावणार नाहीत. मुळं मातीत झाकून, बागेच्या कडेला आडवी ठेवणार, प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत. मला फोन नाही. मामांना केला.

साहजिक आहे. तरी लागलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दवाखाना. नवऱ्याने दुकान बंद ठेवलं.

डॉक्टर तरुण आहे, हात गार. मी आधी आईचं सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग माझी बोटं, पाय, घोटे, सगळीकडे टोचून बघितलं. दंडापासून बोटांपर्यंत तारा लावून विजेचे झटके दिले. यंत्रावर रेषा उमटत होत्या. मी रेषांकडे, नवरा माझ्याकडे.

"करंगळी कळते?"

"कळते."

"पायाला?"

"सगळीकडे."

"मग हे तुमच्या आईचं नाही," तो म्हणाला. इतक्या सहज! जणू दुसऱ्याची छत्री माझ्या हातात आली होती, तेवढंच. मनगटात नस दबली आहे. जमिनीत गिरमिट फिरवून, ओली माती मळून, तेच ते वर्षानुवर्षं. लहान ऑपरेशन आहे. संवेदना परत येईल का? "येते बहुतेकांना. किती, ते सांगता येत नाही. उशीर केलात."

रस्त्यावर आल्यावर नवरा एकदम थांबला आणि चष्मा पुसायला लागला. पुसून झाला तरी पुसत होता. मला वाटलं होतं मी सुटले म्हणून हलकं वाटेल. वाटलं. मग बोटांची काळजी पुन्हा येऊन बसली, जागा रिकामी होती म्हणून. बोटं परत आली नाहीत तर मी कोण? डब्या पुसणारी?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

टेबल. खिडकी. दुसऱ्यांनी आणलेल्या मातीचं वर्णन नीट अक्षरात उतरवणं. 'मध्यम', 'किंचित', 'बरीच'. माझ्याच शब्दांकडे बघून वाटतं — हे कुणी अनुभवलं?

२४ फेब्रुवारी, सोमवार

थंडीपासूनचे दोन अहवाल तपासून झाले. ठीक आहेत. मोठ्या बाईंनी टेबलावर टकटक केली आणि गेल्या. तेवढंच, पण दिवसभर पुरलं.

परवा ऑपरेशन होतं, ते पुढं ढकललं शुक्रवारवर. आणखी दोन दिवस जीव टांगणीला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या ऑपरेशन. दुपारी प्रयोगशाळेतून त्या मुलीचा फोन. वरच्या अंगाच्या पहिल्या खड्ड्यातले खालचे दोन्ही थर पोयटा. मी लिहिलं होतं अगदी तसंच.

मालकीणबाईंना मीच फोन लावला. वरच्या अंगाला, त्या खड्ड्याभोवती, बिनघोर लावा म्हटलं. त्या मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मग एवढ्या मोठ्या रानात एकच खड्डा का घेतलात?"

पुन्हा बधिर हाताचंच निमित्त पुढं करता आलं असतं. आत्तापर्यंत सगळ्यांपुढं तेच केलं.

"हात लपवायचा होता," मी म्हटलं. "लवकर निघाले."