मनगटाला उदाचं तेल

मस्कत, ३ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप अप्पांस,
अलकनंदाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आईला पक्षाघात झाल्याचं कळल्यापासून मी ऑफिसात जाते, येते, भात लावते. रडू मात्र येत नाही.

नागोजीमामा परवा मद्रासला येताहेत, त्यांच्याबरोबर एक कुपी पाठवते आहे. ऊद म्हटलं की तुम्हाला धूर आठवेल, पण हे तेल उग्र नाही. गुलाब-मोगऱ्याच्या अंगानं जाणारं, अगदी हलकं. मल्लीच्या गजऱ्यानंसुद्धा आईचं डोकं चढायचं, म्हणून सात दुकानं पालथी घालून हे निवडलं. अंग पुसल्यावर कातडी जरा ओलसर असतानाच मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब लावा. चोळू नका, फुलांचा वास लगेच उडतो. साडीला लागलं तर डाग पडेल.

तुम्हाला न विचारता अशोकशी लग्न केलं तेव्हापासून आईनं माझं नाव टाकलं. आता तिला बोलताही येत नाही. रजा मला एकदाच मिळेल. तिला मी नको असेन तर समोर येऊन तिला त्रास देणार नाही. तेल मी पाठवलं हे तिला सांगा आणि ती काय करते ते खरं कळवा.

लेकीवरची माया आटू देऊ नये.
आपली अलकनंदा

एग्मोर, मद्रास, १९ फेब्रुवारी

चि. सौ. अलकनंदा हीस जनकोजीचे अनेक आशीर्वाद.

कुपी पोचली. शुश्रूषेला ठेवलेली कनका तुझ्या आईचं अंग पुसून गेली की सात वाजता मी थेंब लावतो. गिंडीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं मोजमापं केली, तेव्हा एक म्हणजे एकच. वास इतका हलका की मला मनगटापाशी वाकल्याशिवाय कळत नाही.

तुझं नाव रोज सांगतो. ती छताकडे बघत राहते. आज तेरावा दिवस. तिला नकोच असावं असं दिसतं. मलाही हल्ली बरंवाईट काही वाटत नाही. दाढी करतो, पेपर वाचतो, संध्याकाळ होते.

खरं मागितलंस म्हणून लिहिलं. रजेचं तू ठरव.

जावईबापूंस आशीर्वाद सांगावा.
अप्पा

मस्कत, ३ मार्च

तीर्थस्वरूप अप्पांस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. रजेचा अर्ज मागे घेतला. अशोकनं चहा केला.

एक शंका आहे. लहानपणी एका लग्नात अत्तर घ्यायला मी डावा हात पुढे केला, तर तुम्ही चारचौघांत फटका मारला होता. आईच्या कुठल्या हाताला लावता? उजवाच असणार, तुम्हाला मी ओळखते. अप्पा, तिची उजवी बाजूच गेली आहे. एकदा डाव्याला लावून बघा. त्यानंतर मी विचारणार नाही.

आशीर्वाद असू द्यावा.
अलकनंदा

एग्मोर, १५ मार्च

चि. सौ. अलकनंदा हीस अनेक आशीर्वाद.

अत्तर उजव्या हातालाच, हे इतकं अंगवळणी पडलेलं की जो हात तिला उचलता येत नाही, ज्याला माझं बोटही कळत नाही, त्यालाच महिनाभर वास लावत बसलो. सुशिक्षित गाढव म्हणतात ते असं.

काल सकाळी डाव्या मनगटाला थेंब लावला. तेव्हाही जीव कचरला, लपवत नाही. तू पाठवलंस म्हणून सांगितलं. तिनं हात नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. डोळे मिटले होते. मला काय वाटतंय ते शोधत उभा राहिलो, काही सापडलं नाही.

हल्ली ती डाव्या हातानं जेवते. दुपारी कनका हात धुवायला तांब्या घेऊन आली, तर तिनं मनगट पदराखाली घेतलं. कनकानं दोनदा हात मागितला, मी रागावलो, तरी दिला नाही. शेवटी मी भरवलं.

रजेचा अर्ज पुन्हा कर.

वाट पाहणारा,
अप्पा