पिकअपच्या पोटाखालून

आदरणीय हार्लनदादा,

धाकट्या बहिणीचा दंडवत. (दंडवत पालथं पडून घालतात हे मला ठाऊक आहे. पण मी गेले कित्येक महिने उताणीच असते, एका म्हाताऱ्या पिकअपच्या पोटाखाली, तोंडावर गंजाचा भुगा झेलत. तेव्हा हा उताणा दंडवत गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? अॅरिझोनात गेलं की सांधे बोलायचे बंद होतात, असं तू म्हणायचास. झाले असतील तर कळव. माझे सध्या भाषणं ठोकतात. वांडावहिनींना नमस्कार सांग. त्यांनी पाठवलेलं निवडुंग आमच्या नेब्रास्काच्या थंडीत गेलं, पण काटे चिवट निघाले, परवाच तुझ्या मेहुण्याच्या, ड्वेनच्या, मोज्यात सापडले. इकडे पाऊसपाणी बरं आहे, मका डोक्याच्या वर गेलाय, आणि मीही तशी बरी आहे. म्हणजे उभी राहिले की बरी आहे. उभं राहण्याचाच काय तो प्रश्न.

तुला कुणीतरी सांगितलंच असेल की तुझ्या आर्डिसला म्हातारचळ लागलाय. कुणी सांगितलं असेल तेही मला माहीत आहे, पण जाऊ दे. झालं असं की वसंतात एमिल वॉन्ड्राच्या शेतावर लिलाव होता. मी बरण्या घ्यायला गेले होते. (बरण्या मिळाल्या नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर तू शेवटपर्यंत बरण्यांची वाट बघशील.) त्यांच्या कोठारामागे एल्मच्या झाडाखाली एकावन्न सालची पिकअप उभी होती. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. आपल्या बाबांच्या घराण्यात त्या एका मुद्द्यावरून दोन साखरपुडे मोडलेत. दिवे फुटलेले, टायर मातीत रुतलेले, बॉनेटवर पक्ष्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब चुकता केलेला. तिच्यासमोर उभी राहून रोशेल प्रुइट, आपल्या चर्चची फुलं बघते ती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिच्या हौद्यात माती भरायची, पेटुनिया लावायच्या आणि अंगणात उभी करून ठेवायची. काय गोड दिसेल म्हातारी!"

दादा, रोशेल वाईट नाही. पण मी नुकतीच शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले होते. सगळा जन्म गावातल्या पोरांना राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खाऊ घातले, आणि निरोपाला शाळेने मला काय दिलं? एक केक आणि एक फुलझाडाची कुंडी. 'माती भरायची आणि फुलं लावायची' हे शब्द कानावर पडले आणि माझा हात आपोआप वर गेला. रोशेलचा गेला, माझा पुन्हा गेला. शेवटी तिने खांदे उडवले आणि गाडी माझ्या गळ्यात पडली. आकडा विचारू नकोस. ड्वेननेही विचारला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

ड्वेनचं तुला ठाऊकच आहे. हिवाळ्यात त्याची छाती उसवून पुन्हा शिवली. शिवण उत्तम बसली म्हणतात. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. हा आरामखुर्चीत बसला तो बसलाच, आणि दिवसभर हवामानाचा चॅनेल. (शेजारी खिडकी आहे. खिडकीबाहेर हवामान आहे.) जो माणूस धान्याच्या गोदामावर ट्रकवाल्यांना अख्ख्या गावाला ऐकू जातील अशा शिव्या हासडायचा, तो माझ्याशी दिवसातून चार शब्द बोलायचा, त्यातले दोन 'मीठ कुठंय'. ते त्याला बंद केलंय, म्हणून उत्तर देण्याचीही सोय नाही. रात्री तो श्वास घेतोय ना, हे मी कान देऊन ऐकत पडायचे. हे फोनवर तुला सांगितलं नाही, कारण फोन त्याच्या खुर्चीजवळ आहे.

तर गाडी ट्रेलरवरून अंगणात उतरली, तेव्हा हा खिडकीत आला. "हे काय?" म्हणाला.

"पिकअप."

"चालते?"

"नाही."

"मग शोभेल आपल्या घराला," असं म्हणून पुन्हा जाऊन बसला. पण दादा, विनोद केला त्याने! मी यंत्राच्या शेडमध्ये जाऊन एकटीच हसले, मग जरा रडले, आणि मग शेडचं दार लावून घेतलं, कारण आता हिला चालवल्याशिवाय सुटका नव्हती.

मला वाटलं होतं, स्वयंपाकासारखंच असेल. मोठं पातेलं, पुष्कळ सामान, धीर धरला की होतं. कसलं काय! पहिल्याच दिवशी आत चढले आणि उजवा पाय फरशीतून थेट खाली जमिनीवर टेकला. हीटरमध्ये उंदरांचं खटलं होतं, सीटमध्ये खारींनी अक्रोडांचं कोठार केलेलं, आणि वायरी कुणीतरी शेवयांसारख्या खाऊन टाकलेल्या. इंजिन असं जाम झालेलं की पाना लावून त्यावर लोंबकळले तरी ते ढिम्म, मीच हलत होते. त्याच्या नळकांड्यांत तेल ओतायचं आणि थांबायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा थांबायचं. आजारी माणसाला चमच्याने सूप पाजतात तसं. दोन्हीकडे मीच पाजत होते, आणि दोन्ही रुग्ण तितकेच कृतघ्न.

त्यात आपल्या गावची कॉफी मंडळी. सहकारी दुकानात सकाळी टेबल अडवून बसतात ती. बातमी लागताच एकेक जण घडीची खुर्ची घेऊन शेडमध्ये हजर. सगळे उंटावरचे शहाणे! एक म्हणे कार्ब्युरेटर, दुसरा म्हणे कॉइल, आणि लेस्टर गार्वी म्हणे, "आर्डिस, आधी इंजिन बाहेर काढ," जणू मी भट्टीतून पावाचा साचा काढणार आहे. हात कुणी लावला नाही. कंबर, पाठ, हर्निया, प्रत्येकाकडे सबब तयार. पण दालचिनीचे रोल मात्र त्यांच्या कुठल्याच दुखण्याला वर्ज्य नाहीत. मी सुटे केलेले नटबोल्ट मफिनच्या साच्यांत ठेवायचे, एकेका खळग्यात एकेक जातीचे. त्यातला एक साचा माझ्याकडून (दमले होते रे) स्वयंपाकघरात परत गेला, आणि दुसऱ्या दिवशी लेस्टरने रोलचा घास घेतला तो कडकन आवाज! त्याने तोंडातून वस्तू काढली, चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाला, "हा कार्ब्युरेटरचा वॉशर. काल शोधत होतीस तो." दाताबद्दल अवाक्षर नाही. मग दुसरा रोल घेतला. आधी तपासून.

आणि एक दिवस, वाऱ्यावर आवाज जातोच, घराचं मागचं दार वाजलं. ड्वेन. स्लिपर घालून, छातीवर हात धरून, घरापासून शेडपर्यंत चालत आला. मी गाडीखाली होते, मला फक्त त्याचे पाय दिसले. ते गाडीपाशी येऊन थांबले. मग म्हणाला, "पाना उलटा धरलायस." झालं! दुसऱ्या दिवशी त्याचीही खुर्ची शेडमध्ये आली. मला वाटलं होतं मदत होईल. झाला मुकादम! मी घासतेय, हा बोट दाखवतोय. मी रंग लावतेय, हा म्हणतोय ओघळ आला. आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

तर इंजिन शेवटी एका सकाळी खोकलं, धुराचा लोट सोडला आणि सुरू झालं. लेस्टरने टोपी काढली. ड्वेन उठला आणि मला न विचारता शेजारच्या सीटवर जाऊन बसला. "काढ बाहेर," म्हणाला. मी म्हटलं, ब्रेक अजून अर्धवट आहेत, अॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला की इंजिन बंद पडतं. तो म्हणाला, "मग सोडू नकोस."

दादा, गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर सगळं ठीक होतं. पण तो रस्ता जिथे डांबरी सडकेला मिळतो तिथे ब्रेकवर पाय ठेवला, पाय तळाला गेला, आणि आम्ही अगदी सावकाश, अगदी शिस्तीत, एका अंत्ययात्रेत शिरलो. पुढे शववाहिका, मागे घरच्यांची गाडी, मध्ये आम्ही. समोरून येणाऱ्या गाड्या रस्त्याकडेला थांबत होत्या, माणसं टोप्या काढत होती. बाहेर पडायला वाट नाही, थांबायची सोय नाही. आमची ती हिरवीगार म्हातारी दर थोड्या वेळाने फटाक्यासारखी फुटायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. (ते शोभलंही असतं, पण मेलेल्याची जागा पुढच्या गाडीत होती.) ड्वेनने मात्र हात लांब करून दिवे लावले, अंत्ययात्रेतल्या इतर गाड्यांसारखे. एकच लागला.

दफनभूमीच्या चढावर गाडी आपोआप थांबली. काळ्या कपड्यांतल्या एक आजी काठी टेकत थेट आमच्याकडे आल्या. गेलेले ते त्यांचे यजमान, ऑटो ड्रीसन, शेजारच्या गावचे. मी आयुष्यात नावही ऐकलेलं नाही. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ड्वेन म्हणाला, "फार चांगला माणूस होता." मी डोळे मिटून घेतले. पण आजी बॉनेटवर हात ठेवून उभ्या होत्या. "आमची पण हिरवीच होती," म्हणाल्या. "ऑटो म्हणायचा, ब्रेक हे भित्र्या माणसाचं लक्षण. कुणी पाठवलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "आजी, कुणी नाही. आमचे ब्रेक लागले नाहीत." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग दादा, त्या हसल्या. अशा हसल्या की त्यांचा मुलगा धावत आला. "म्हणजे त्यानेच पाठवलं," म्हणाल्या. पाद्री थांबले, सगळे थांबले, आणि त्या आमच्या गाडीत चढून बसल्या, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, बराच वेळ. कुणाची उठा म्हणायची छाती झाली नाही. नंतर चर्चच्या तळघरात जेवायला आम्हाला घरच्यांच्या टेबलावर बसवलं. हॅमचे सँडविच, किसलेलं गाजर घातलेली जेली. ड्वेनने जेली दोनदा घेतली आणि ऑटोच्या इतक्या आठवणी सांगितल्या की मलाच तो माणूस आवडायला लागला.

परत येताना (लेस्टरला बोलावून, त्याच्या गाडीला दोर बांधून) ड्वेन पुढच्या दोराकडे बघत होता. मग म्हणाला, "माझ्या वेळी ही गाडी आणू नकोस."

मी म्हटलं, "का रे?"

"आधी ब्रेक नीट कर. मग बघू. घाई नाही मला."

त्या रात्री मी कान न देता झोपले.

पण दादा, आता खरंच थकले. ब्रेक झाले, फरशी झाली, आता ड्वेनला हौद्याला लाकडी फळ्या हव्यात, त्याही ओकच्या. रोज सकाळी माझ्याआधी उठून शेडचा दिवा लावतो आणि हाका मारतो. कॉफी मंडळी आता जेवायलाही थांबतात. निवृत्त होऊन मी पुन्हा भटारखान्यातच आले, फक्त पोरांची वयं वाढली. तुझ्याकडे मोठा ट्रेलर आहे. येऊन ही बया घेऊन जा. फुकट. वर रोल देते.

तुझी दमलेली बहीण,
आर्डिस

ता. क. ट्रेलर घेऊन लगेच निघू नकोस. शरदातल्या मिरवणुकीत गाडीचं नाव मी दिलंय. रोशेल हौद्यात बसणार आहे, हातात पेटुनिया घेऊन. तिनेच विचारलं, मला नाही म्हणवेना.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र लिहायला बसले ते यासाठी की, तुमच्या तिकडच्या भंगारवाल्यांकडे जुन्या गाड्या न गंजता पडून असतात म्हणे. उजव्या दाराची, ड्वेन बसतो त्या बाजूची, आतली मूठ हवी आहे. आमची कुठे गळून पडली, शोधून शोधून डोळे गेले. त्यामुळे ड्वेनला आतून उतरता येत नाही. दर वेळी मला इंजिन बंद करून, गाडीला वळसा घालून, बाहेरून दार उघडावं लागतं आणि हात देऊन खाली घ्यावं लागतं. भर बाजारात. लोक बघतात. तेवढी मूठ मिळाली की मी सुटले. लवकर पाठव.

हार्लन, पत्र टपालात टाकायला हिने माझ्याकडे दिलंय. पाकीट उघडं होतं. मूठ पाठवू नकोस. माझ्या खिशात आहे. — ड्वेन