मास्तरणीचा पाय, कबरीचे पाय

१८ नोव्हेंबर

मास्तरीण लंगडून राहिली. सकाळी दाणे टाकले तर बाकीच्या कोंबड्या धावल्या, ही एक पाय पोटाशी घेऊन तिथंच उभी. तांबडी, सगळ्यांत जड. अंगणात मिरवत चालायची म्हणून बाबांनी मला चिडवायला हे नाव ठेवलं होतं. मी मोहगावच्या शाळेतून घरी आले की म्हणायचे, "एक मास्तरीण आली, दुसरीले खुराड्यात घाला."

आता म्हणत नाहीत. पोळ्याच्या आठवड्यात लकवा मारला तेव्हापासून उजवा हात, उजवा पाय आणि सगळे शब्द गेले. एक 'हो' तेवढा राहिला. चहा पाहिजे? हो. नको? हो. दुखून राहिलं का? हो. डॉक्टर म्हणतात समजतं त्यांना सगळं, बाहेर निघत नाही.

ओसरीतल्या पलंगावरून दिवसभर कोंबड्या पाहतात. आज लंगडी दिसली. माझ्याकडे पाहून "हो" म्हणाले. मग पुन्हा, जोरात.

२० नोव्हेंबर

आई: "लंगडी झाली म्हंजे संपली. कापून टाक अन् मोकळी हो. मले या एका माणसाचं करणं होत नाही, कोंबड्यांचं कोण करन?"

बाबांसमोरच बोलली. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. दुपारी जेवले नाहीत.

आई वाईट नाही. थकली आहे. त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, कपडे. चीड कुठंतरी निघणारच. कोंबड्यांवर निघते.

२१ नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर मास्तरणीला पकडलं. जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर उताणी. डावा तळवा सुजलेला, हाताला गरम. मधोमध काळी खपली, टिकलीएवढी.

कशानं झालं ते तिथंच बसल्या बसल्या समजलं. बाबांच्या चाकाच्या खुर्चीसाठी ओसरीला उतार बांधून घेतला, त्याची उरलेली गिट्टी अंगणात तशीच पडून, खुराड्याच्या आतपर्यंत पसरलेली. खुराड्यातली बसायची फळी उंच. एवढी जड कोंबडी रोज वरून त्या गिट्टीवर उडी मारून राहिली. कधीतरी तळवा कापला, घाण आत गेली. बाबांच्या हातात असतं तर गिट्टी त्याच संध्याकाळी उचलली गेली असती. आम्हाला दिसलीच नाही.

मोबाईलवर वाचलं. पाय शेकायचा, खपली काढायची, आतली गाठ काढायची, पट्टी. लिहिणाऱ्याचं काय जातं.

२४ नोव्हेंबर, रविवार

केलं.

"मी हात लावत नाही" म्हणत म्हणत शेवटी आईनंच धरली. घमेल्यात कोमट पाणी, त्यात मेडिकलमधून आणलेलं मॅग्नेशियमचं मीठ. खपली नरम होईपर्यंत पाय बुडवून ठेवला. कोंबडी डोळे मिटून एकदम गप. आई म्हणाली, "पाह्य कशी बसली. पार्लरमधी आल्यावानी." हसलो दोघी. किती दिवसांनी. मग बाबा पाहून राहिले आहेत हे लक्षात आलं आणि दोघी गप्प.

चिमट्यानं खपली उचलली. वाटलं होतं पू वाहील. काही वाहिलं नाही. आत घट्ट पिवळट गाठ, हरभऱ्याएवढी, मांसात रुतून बसलेली. दाबलं तर रक्त आलं. कोंबडी ओरडली नाही, नुसती थरथरली. मी सोडूनच देणार होते, तर ओसरीतून "हो. हो. हो." बाबा डावा अंगठा गादीवर दाबून दाखवत होते. अजून दाब. खालून दाब.

दाबलं. निघाली.

आयोडीन, मलम, कापडाची पट्टी, वरून चिकटपट्टी. हातमोजे घातले होते तरी नंतर साबणानं कितीतरी वेळ हात धुतले. मास्तरीण आता जाळीखाली वेगळी, धानाच्या कोरड्या तणसावर.

बाबांना पेज भरवली तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला. चमचा सांडला. काही म्हणायचं असेल.

२६ नोव्हेंबर

दादाचा नागपूरहून फोन. "कोंबड्या काढून टाका. बाबांना इन्फेक्शन होईल. मी विचारलं इथल्या डॉक्टरला." पलंगाजवळ एकही येत नाही म्हटलं. "तुला समजत नाही. घर बंद करा, आई-बाबांना मी इकडं आणतो. तू मोहगावलाच एखादी खोली पाहून घे."

म्हणजे मी कुठं राहायचं तेही ठरलं.

व्यायाम घ्यायला येतो तो पोरगा आज परत गेला. "काका, उठायचं का?" "हो." आणि उठायचं नाव नाही. सगळं अंग सोडून देतात. पोरगा म्हणाला, ताई, ताकद आहे त्यांच्यात, मन नाही.

३० नोव्हेंबर

पट्टी बदलली. सूज उतरली. खड्डा आतून लाल, वास नाही. बरं चाललं आहे.

आई आणि मी गिट्टी उचलली. घमेलं घमेलं करून मागच्या भिंतीशी. फळी खाली आणली, रंधा मारून घेतली. इतके दिवस का नाही केलं?

संध्याकाळी पाहिलं तर दुसरी एक, कबरी, पाय ओढून राहिली. आता ही.

२ डिसेंबर

कबरी म्हणजे लहान तलंग, अजून अंड्यावर आलेली नाही. बाबांनी स्वतःच्या हातानं अंड्यांवर कोंबडी बसवली होती. पिलं निघाली आणि आठवडाभरात बाबा पडले. बाकी पिलं मांजरानं, घारीनं नेली. ही एकटी उरली.

तळवे पाहिले. स्वच्छ. खपली नाही, गरम नाही. पायाच्या नळ्यांवरची खवलं पण गुळगुळीत, उचललेली नाहीत; म्हणजे खरजेचे किडे नाहीत. बोटं सरळ. तरी उभी राहत नाही. बसते ती विचित्र, एक पाय पुढं, एक मागं.

पाय शेकले. दुसरं काही सुचलं नाही.

५ डिसेंबर

ढोरदवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. मास्तरणीचा पाय उलटसुलट करून पाहिला. "चांगलं केलं मॅडम. अजून काही दिवस कोरड्यात ठेवा."

मग कबरी. पाय ताणून पाहिले, सोडले. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हे पायाचं नाही. नसांचं आहे. लकवाच समजा. याला इलाज नाही. ठेवून काय फायदा? नुसती घाण करत पडून राहील. मारून टाका, बाकीच्यांना तरी लागणार नाही. कुठंही मेली तरी खाऊ नका, चुना टाकून खोल पुरा."

अंगणाच्या मधोमध, मोठ्या आवाजात. भला माणूस. त्यांची पाठ ओसरीकडे होती.

माझी नव्हती. आईचीही नव्हती. बाबा छताकडे पाहत होते.

आईनं चहा विचारला नाही. आमच्या घरून माणूस चहाशिवाय गेला असं मला आठवत नाही.

६ डिसेंबर

बाबांच्या दातांवर चमचा लावला तर दात उघडत नाहीत. 'हो' पण बंद.

दुपारी शाळेतून लवकर आले. आई अंगणात बसलेली, मांडीवर कबरी. ज्वारीच्या भिजवलेल्या कण्या बोटानं चोचीत घालून राहिली होती. "घे. थोडं घे. कोणी नाही मारत तुले. मारायची गोष्ट काढन त्याले पाह्यतेच मी." बोलत होती कोंबडीशी, आवाज ओसरीत जाईल एवढा.

बाबा वळले नाहीत. संध्याकाळी मात्र अर्धी वाटी पेज घेतली.

११ डिसेंबर

अर्धवार्षिकचे पेपर तपासायचे पडले आहेत. मन लागत नाही.

आई आधी बाबांना भरवते, मग कबरीला. आवाज तोच. "एक घास. बस, एक अजून." कबरीला खोक्यात, बाकीच्यांपासून लांब, बाबांना दिसेल अशी उन्हात ठेवते. दिवसातून कितीदा कूस बदलते तिची. याच बाईनं कापून टाक म्हटलं होतं.

कबरी हलकी झाली. हातात घेतली तर पिसंच पिसं. दुसरा पायही गेला.

मी आईला म्हटलं, डॉक्टर म्हणाले तसं... तिनं पुढं बोलू दिलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी खोक्यात मान टाकलेली. बाबा झोपेत होते. घरामागं पपईपाशी खड्डा केला, चुना टाकला, पुरली. आई म्हणाली, "त्याईले सांगू नको."

जागे झाले. जिथं खोकं असायचं तिकडं पाहिलं. मग माझ्याकडे. "हो?"

विचारलं त्यांनी. आजवर त्या 'हो'मध्ये प्रश्न आला नव्हता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काकांकडे पाठवली बाबा, बोरगावला. बगीच्यात मोकळी जागा आहे, ऊन आहे. तिथं बरी होईल."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "हाव. सकाळीच भाऊजी घेऊन गेले."

बाबांनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला. पूर्ण वाटी पेज घेतली. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

१८ डिसेंबर

नीट जेवून राहिले. भरवताना मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत नाही.

काकांना फोन केला, त्यांना सांगायला पाहिजेच होतं. संत्र्याची तोडणी चालू आहे, मागं माणसांचा गलका. ऐकून म्हणाले, "मेली तर मेली म्हणाचं ना बेटा. आता तुह्या बाबानं मले विचारलं तर? मले त्याच्यापुढं खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून नाही आलं."

काका, बाबा कसं विचारतील, म्हटलं. शब्द कुठं आहेत त्यांच्याकडे.

२२ डिसेंबर, रविवार

व्यायामाचा पोरगा आला. नेहमीसारखं, "काका, उठायचं?"

बाबांनी डावा हात पलंगाच्या दांडीवर टाकला आणि उठले. त्याला धरून, वाकडे, पाय थरथरत, पण उभे. पोरगा ओरडलाच, "काकू, पाहा!" आई पिठाच्या हातानं धावत आली.

बाबांचं तोंड हलत होतं. ओठ मिटले, उघडले. "बो." पुन्हा. "बो... र." घाम फुटला त्यांना. "बोरगाव."

पोरगा टाळ्या वाजवून राहिला. आईनं तोंडावर हात घेतला, सगळं पीठ गालांना. मीही हसत होते. एक क्षणभर मला खरंच समजलं नाही की त्यांना बोरगावला कशाला जायचं आहे.

२३ डिसेंबर

बाबा उभे राहिले, कबरीसाठी बोरगाव म्हणाले, एवढं दादाला कळवलं. फोनवर रडला. दादा रडताना मी कधी ऐकला नव्हता. "रविवारी मी गाडी घेऊन येतो. मीच नेतो त्यांना बोरगावला. कोंबडी पाहायची ना? दाखवू."

तेव्हा त्याला खरं सांगितलं. मग म्हणाला, "तशीच दुसरी आणून ठेव तिथं. बाजारात कबऱ्या काय कमी आहेत?"

बाबा कोंबडी चालीवरून ओळखतात रे.

"मग तू सांग," म्हणाला. फोन ठेवताना म्हणाला, "की नको सांगू. मला नाही समजत." नागपूरला नेण्याची गोष्ट आज त्यानं काढली नाही.

२५ डिसेंबर

पलंगापासून खांबापर्यंत. काठी डाव्या हातात, उजवा पाय घासत. पोरगा नसताना आईला धरून. पडतापडता वाचले, तरी पुन्हा. प्रत्येक वेळी बसल्यावर धापा टाकत, "बोरगाव."

दोनदा सांगायला गेले त्यांच्याजवळ. एकदा पाणी देऊन आले. एकदा नखं कापून आले.

२८ डिसेंबर, शनिवार

मास्तरणीची पट्टी सोडली. तळव्यावर वाळलेला डाग राहिला. टेकवते पाय, पहिल्यासारखी मिरवत नाही. थोडी लंगड राहील असं वाटतं.

आईनं बाबांच्या चपला काढल्या. उजवा पाय सुजलेला, शिरत नाही. विळीवर पट्टा कापला आणि सुतळीनं बांधून बसवला.

"सांग ना आज," आई म्हणाली.

"तू सांग."

"मी कशी सांगू? मीच म्हटलं होतं कापून टाक. मी सांगितलं तर त्याईले वाटन, कापली." पट्टा ओढत राहिली. मग हळूच, "नाहीच सांगितलं तर? तिथं जाऊन येऊ दे एकदा. उभे तर राह्यले."

आणि तिथं गेल्यावर?

तिनं सुतळीला अजून एक गाठ मारली.

संध्याकाळी बाबांनी कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट केलं. दाण्यांचा डबा. जवळ नेऊन झाकण काढलं. डाव्या हातानं मूठ मूठ ज्वारी उद्याच्या शर्टाच्या खिशात भरत होते. अर्धे दाणे पांघरुणावर सांडत होते. मी ते वेचून त्यांच्या हातात देत राहिले.

दादा सकाळी येईल.