डावीकडचा ब्रेक

रविवार, १ डिसेंबर
आंदर मावळात आलो. नळपाणी योजनेच्या पंपावर नोकरी, शेजारीच दोन खोल्या, समोर कापलेली भातखाचरं. बायको हसिना खूश आहे. पंपाच्या मोटारींची तार नव्याने भरायला मला कुणी शिकवलं नाही. घोरावाडीत असताना जळालेल्या मोटारी उलगडून शिकलो. गाडीही तशीच शिकणार. हसिनाला मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी तळेगावला न्यायचं, एसटीचा भरवसा नाही. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी घेतली. शिकवणाऱ्या मास्तरांसाठी डावीकडेही क्लच आणि ब्रेक आहे. शिकाऊ परवान्यावर शेजारी परवानावाला लागतो म्हणे. मला नको. हसिना म्हणाली, आजवर कुणाचं ऐकलं नाहीत, निदान मास्तरांचा ब्रेक तरी घरात आला.

बुधवार, ४ डिसेंबर
काल हसिनाला भाड्याच्या जीपने तळेगावला नेलं. आज शाळेच्या मैदानात दीड तास सराव. गाडी सात वेळा बंद पडली. शेजारचे सोपानआबा बांधावरून ओरडले, आवं रियाजभाऊ, त्यापरीस बैल बरा, हाकलला की चालतोय तरी!
परतताना वळणावर ट्रॅक्टर समोर आला. मी गोठलो, पाय ॲक्सिलरेटरवरच. तरी गाडी थांबली. ट्रॅक्टरपासून साडेतीन फुटांवर, उतरून मोजलं. डावीकडचा ब्रेक तळाला गेलेला, सीट रिकामी. पेडल अडकलं असणार.

शनिवार, ७ डिसेंबर
काल तळेगावला मीच नेलं. चुकलो तिथे तिथे ब्रेक आपोआप लागला, पाच वेळा. भीती गेली, पण राग आला. गाडी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आमचे मास्तर शिकवता शिकवता त्याच सीटवर गेले. गाडी कडेला नीट उभी, विद्यार्थ्याला ओरखडा नाही. ब्रेकवरचा पाय मात्र दोघांना ओढून काढावा लागला. कच्चा माणूस ते सोडायचेच नाहीत, असंही हसत म्हणाला.
मी कच्चा नाही. बारा नंबरचा पाना घेतला, डावीकडची दोन्ही पेडलं काढून गोणीत बांधली.

मंगळवार, १० डिसेंबर
तळेगावच्या वाटेवर, खिंडीच्या माथ्यावर गाडी थांबली. माझा ब्रेक माझ्या पायाशिवाय खाली गेला. चार सेंटिमीटर. ९:१० ते १:३० गाडी हलली नाही. हसिना म्हणाली, जीपवाल्याला गाठा. मी म्हटलं, दोन मिनिटं. डायलिसिस हुकलं. घराकडे वळवायला रिव्हर्स टाकला, तर लगेच सुटली.

गुरुवार, १२ डिसेंबर
चारही चाकं उघडून पाहिली. दोष नाही. हसिनाचे पाय सुजलेत, बोलताना धाप लागते. आबा म्हणाले, हट्ट सोडा, जीप सांगतो. नको म्हटलं. उद्या मीच नेणार.

शुक्रवार, १३ डिसेंबर
८:५०. निघालो. आधी दोन्ही वेळा मागे बसून हसिनाला उलटी झाली, म्हणून आज पुढे बसली. डावीकडे. आबा मागे.

९:३५. खिंडीचा माथा. थांबली. हसिनाचा पाय — जिथे पेडल होतं तिथे, मोकळ्या हवेत दाबलेला. घोट्यापासून ताठ. म्हणते, अहो, मी नाही दाबत, काढा ना. आबांनी आणि मी ओढला. निघत नाही.

१०:०५. रेंज नाही. आबा जीप आणायला पळाले. तिला उतरवता येत नाही. हातांना काम हवं, म्हणून लिहितो —

१०:४०. मोठ्याने म्हटलं, मास्तर, मला येत नाही. मी कच्चा आहे. शिकवा, पण हिला सोडा. हसिना हसली. म्हणाली, कबूल केलंत एकदाचं, आता — पुढचा शब्द आला नाही.

११:०४. नाडी लागत नाही. दोन्ही मनगटं पाहिली. गळाही. पाय तसाच दाबलेला. थंड.

११:१५. पाय उचलला. तिनेच. गाडी उताराला लागली — माझा ब्रेक मोकळा, काहीच धरत — ती बोलते आहे. आवाज तिचा नाही. वही ठेवा, दोन्ही हात स्टेअरिंगवर, पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं, असं —